‘शिलोत्री’ : रूपसादृश्य आणि अर्थनिश्चिती

बोलीतील लुप्तप्राय शब्दांची चर्चा करताना रूपसादृश्यालाच व्युत्पत्तीचा पुरावा मानण्याची प्रवृत्ती आपल्या प्रबंधलेखनात बळावली आहे. रायगड जिल्ह्याच्या पेण परिसरातील ‘शिलोत्री’ हा शब्द या दृष्टीने उद्बोधक आहे.

‘शिलोत्री’ हा शब्द ऐकताच अभ्यासकाला ‘शिला’ आठवते, आणि खाडीच्या बांधाला दगड लागतातच, तेव्हा व्युत्पत्ती सिद्ध झाली असे त्याला वाटते. परंतु अशाच दिसणाऱ्या इतर शब्दांकडे पाहिले की हा भरवसा टिकत नाही. ‘शिलेदार’ याचा शिलेशी काहीएक संबंध नाही; तो शस्त्रवाचक अरबी ‘सिलाह’वरून फारसीमार्गे आला. ‘शिळे’ हे ‘शीतल’पासून आले. ‘शिलोंछ’ यातील संस्कृत ‘शिल’ म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेली कणसे वेचणे. रूप जवळजवळ एक, कुळे मात्र भिन्न!

याच्या उलट उदाहरणही याच भूभागात मिळते. पावसाने उसंत घेतली की ‘उघाड’ पडते. खारबांधातील पाणी सोडण्याच्या दारालाही ‘उघाडी’ म्हणतात. येथे साम्य आकस्मिक नसून दोहोंच्या मुळाशी ‘उघडणे’ हेच क्रियापद आहे. तात्पर्य, साम्य हे कधी नात्याचे असते, कधी निव्वळ योगायोगाचे. त्याचा निवाडा प्रयोगाने व्हावा, कानाने नव्हे.

‘शिलोत्री’चा प्रयोग कोणता? समुद्राकडून बांध घालून मिळविलेल्या खारजमिनीची ती एक धारापद्धती होती. बाहेरचा बांध घालणारा व राखणारा तो शिलोत्रीदार. त्याबदल्यात कसणाऱ्यांकडून त्याला धान्याचा ठरीव हक्क मिळे. म्हणजे या शब्दात भूगोल, श्रम आणि सत्तासंबंध एकवटलेले आहेत. १९५५ च्या मुंबई शिलोत्री हक्क (कुलाबा जिल्हा) निर्मूलन अधिनियमाने हे हक्क संपुष्टात आणले. हक्क गेला, तशी शब्दाच्या नित्य वापराची गरजही सरली. १९८१ मध्ये ‘कुलाबा’ हे जिल्ह्याचे नावही बदलले. एखादी संस्था नष्ट झाल्यावर तिचा शब्द कोशात उरतो खरा, परंतु तो निराधार होतो. मग त्याला वाटेल तो आधार जोडला जातो.

ग्रामनामांबाबत हा धोका अधिक संभवतो. पनवेल–रोहे लोहमार्गावरील ‘जिते’ हे नाव घ्यावे. ‘जिता’, ‘जित’ आणि या खाडीपट्ट्यात मोठ्या चवीने खाल्ला जाणारा ‘जिताडा’ मासा, असे तीन मोहक पर्याय समोर उभे राहतात. त्यांपैकी एकही केवळ कानाला गोड लागतो म्हणून स्वीकारार्ह ठरत नाही. दप्तरातील जुनी रूपे, आसपासची ग्रामनामे आणि स्थानिक उच्चार यांची साक्ष प्रथम काढावी लागेल.

मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला, ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून खंडशः आला. त्यांतील नोंदी उतरवून घेणे म्हणजे बोलीसंशोधन नव्हे. खारभूमीतील भातशेती आक्रसत असताना, बांध राखल्याची आठवण असणाऱ्यांकडून वस्तूसह शब्द टिपणे हे मराठी विभागांचे तातडीचे कर्तव्य आहे. व्युत्पत्ती थांबू शकते. अर्थ सांगणारी माणसे थांबत नाहीत.