व्याख्यानांच्या यादीत औंढा नागनाथही हवे



पुण्या-मुंबईतील संशोधन संस्थांच्या आगामी व्याख्यानांची यादी मी नेमाने वाचते. कृष्णविवरांची टक्कर, न्यूट्रॉन तारे, विश्वाचे प्रसरण... विषय वाचूनच जीव हरखतो. संशोधकांनी संशोधकांसाठी दिलेली व्याख्याने इंग्रजीतच होणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण जी ‘सर्वांसाठी खुली’ असतात, त्यांतली काही मराठीतून आणि औंढा नागनाथला व्हावीत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

औंढ्यालाच का? कारण हिंगोली जिल्ह्यातल्या याच तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून लेसर किरण धावतील. गुरुत्वीय लहर गेली की त्या भुजांच्या लांबीत फरक पडतो, पण तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा सूक्ष्म! अमेरिकेतील अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी तो पहिल्यांदा टिपला. तिथल्या लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेला आसपासच्या रेल्वेगाड्यांच्या आणि जंगलतोडीच्या कंपनांचाही त्रास झाला आहे.

म्हणजेच आमच्या भागातली अवजड वाहने, खडी क्रशर, खाणीतले सुरुंग यांचा या वेधशाळेशी थेट संबंध येणार. परिसर शांत ठेवायचा तर ती शांतता कशासाठी, हे इथल्या शेतकऱ्याला, ट्रकचालकाला आणि सरपंचाला पटायला हवे. नुसत्या मनाईच्या पाट्या लावून ते पटत नाही. त्यासाठी समोर बसून, त्यांच्या भाषेत बोलावे लागते.

हे विषय मराठीत मांडता येत नाहीत, असे कोणी म्हणेल. पण ‘ब्लॅक होल’ हा शब्द जॉन व्हीलर यांच्यामुळे १९६७ नंतर जगभर रुळला. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत, १९७४ मध्ये, मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. टोपणनावाने ती पाठवणारे लेखक होते डॉ. जयंत नारळीकर, पुढे पुण्यातील ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक. ज्या भाषेत कृष्णविवरावर कथा लिहिता येते, तिच्यात त्यावर तासभर बोलताही येते.

‘आयुका’ दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने ठेवते, शास्त्रज्ञ अधूनमधून आमच्याकडेही येतात, याची मला कृतज्ञ जाणीव आहे. परंतु हिंगोलीहून पुणे म्हणजे रात्रभराचा प्रवास. पाहुण्यासारख्या भेटींची जागा आता आधी जाहीर केलेल्या वेळापत्रकाने घ्यावी. वर्षाला निदान चार व्याख्याने व्हावीत, तीही दुपारी, म्हणजे परतीची एसटी मिळेल. निम्मा वेळ प्रश्नांसाठी राखावा.

प्रश्नांची इथे वाण नाही. आमच्या जिल्ह्यात भूकंपाचे हादरे बसतात. वर्गात मला एका विद्यार्थिनीने विचारले होते, “बाई, जमीनच हलली तर यंत्राला लहर कोणती आणि हादरा कोणता, ते कसं कळणार?” मी जमेल तसे समजावले. पण या प्रश्नाचे पुरते उत्तर तिला हे यंत्र उभारणाऱ्यांकडून, तिच्याच जिल्ह्यात, तिच्याच भाषेत मिळायला हवे.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, वसमत (जि. हिंगोली)