समजून घ्या : लेझर वेल्डिंगमध्ये नुसते वॅट पुरत नाहीत

अंबरनाथ-बदलापूरची एमआयडीसी असो वा उल्हासनगरचं छोटं वर्कशॉप, लेझर वेल्डिंग मशीन घेताना 'किती वॅट?' एवढंच विचारून चालणार नाही. अर्धा मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस शीटला तर नाहीच.

शीट का वाकते?
३०४ ग्रेडचं स्टेनलेस साध्या स्टीलच्या सुमारे दीडपट प्रसरण पावतं. उष्णता मात्र जेमतेम एक तृतीयांश वाहून नेतं. ती जोडापाशीच साचते. मग शीट वाकते किंवा भोक पडतं.

सेटिंग कसं शोधायचं?
पॉवर, पल्सचा कालावधी, वेग आणि फोकस. प्रत्येकाच्या तीन पातळ्या धरल्या तर ८१ चाचण्या होतात. जपानी अभियंते गेनिची तागुची यांच्या पद्धतीने ९ चाचण्यांत चांगला अंदाज येतो. निवडलेलं सेटिंग पुन्हा तपासायचं, जोड कापून पाहायचा. त्याच जाडीच्या उरलेल्या पट्ट्या यासाठी पुरतात.

आणखी काय हवं?
दोन शीटमधली फट जाडीच्या १० टक्क्यांच्या आत, म्हणजे इथे ०.०५ मिलिमीटर. त्यासाठी घट्ट फिक्स्चर लागतं. फायबर लेझरचा किरण दिसत नाही, पण डोळा कायमचा निकामी करू शकतो. वेल्डिंगचा साधा चष्मा पुरत नाही.

म्हणून मशीनच्या बजेटमध्येच फिक्स्चर, योग्य गॉगल आणि चाचण्यांचा वेळ धरायला हवा. ही बचत मालकाला रिजेक्ट मालात महागात पडते आणि कामगाराला डोळ्यांवर.