ऐंशी पराभव कोणाच्या नांवावर ?

खेळांत हारजीत चालावयाचीच, हें वाक्य बक्षीससमारंभांत पाहुण्यांच्या तोंडून आपण दरवर्षीं ऐकतों. तें खरें आहे. पण तें बहुधा जिंकणाऱ्या संघाकडे पाहून बोललें जातें. एखादा संघ लागोपाठ ऐंशी वेळां हरला, तर त्यास काय सांगावें ? अमेरिकेंत टेक्सस संस्थानांतील प्रेअरी व्ह्यू विद्यापीठाच्या फुटबॉल-संघावर ही वेळ खरोखरच आली. १९८९ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत त्यानें एक सामना जिंकला. पुढचा विजय १९९८ सालच्या सप्टेंबरांत, जवळजवळ नऊ वर्षांनीं, त्याच्या वाट्यास आला.

हा फुटबॉल आपल्या मैदानावरचा नव्हे. यांतील चेंडू लंबगोल असून तो बहुतांशीं हातांत धरून पळावयाचा असतो. अंगाखांद्यांवर गादीचें चिलखत चढवून अकरा-अकरा गडी एकमेकांवर अक्षरशः तुटून पडतात. दुबळ्या संघास यांत नुसती मानहानि नव्हे, तर शारीरिक इजाहि सोसावी लागते, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

प्रेअरी व्ह्यूची स्थापना १८७६ सालीं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांकरितां झाली. गोऱ्यांच्या मोठ्या विद्यापीठांचीं दारें पुढें कित्येक दशकें या मुलांस बंद होतीं. त्यामुळें एकापेक्षां एक सरस खेळाडू येथें येत. बिली निक्स या शिक्षकाच्या हाताखालीं १९५३, १९५४, १९५८, १९६३ व १९६४ अशा पांच वर्षीं हा संघ कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत राष्ट्रीय विजेता ठरला. पुढें वर्णभेदाची भिंत ढासळली, आणि ती ढासळली हें उत्तमच झालें. परंतु १९६९ सालच्या ज्यांच्या विजेत्या संघांत एकहि कृष्णवर्णीय गडी नव्हता, त्या टेक्सस विद्यापीठासारख्या धनाढ्य संस्था आतां त्याच मुलांस सन्मानानें बोलावूं लागल्या. त्यांच्या शिष्यवृत्त्या व त्यांचीं भव्य क्रीडांगणें यांपुढें प्रेअरी व्ह्यूचा निभाव लागेना. न्याय झाला खरा; पण अन्यायाच्या काळांत ज्या घरानें या मुलांस आसरा दिला, त्यासच त्याची किंमत मोजावी लागली.

हा काळाचा दोष झाला. संस्थेचा दोष त्यापुढें सुरू होतो. पैशाच्या अडचणींमुळें १९९० सालीं फुटबॉल बंद ठेवण्यांत आला. १९९१ सालीं तो पुन्हां सुरू झाला, तो खेळाडूंस शिष्यवृत्ति न देतां. सामने मात्र जुन्याच, शिष्यवृत्ति देणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांशीं. त्या हंगामांत अकराहि सामने गेले. संघाचे गुण ४८, आणि त्याच्याविरुद्ध झालेले ६१७ ! हे आंकडे वाचून हंसूं येणें स्वाभाविक आहे. पण हंसावयाचेंच तर कोणास हंसावें, याचा क्षणभर विचार व्हावा.

याच्या शेजारीं दुसरें एक उदाहरण ठेवून पाहावें. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा संघ १९८३ पासून १९८८ पर्यंत लागोपाठ ४४ सामने हरला. त्याच संघानें १९३४ च्या पहिल्या दिवशीं रोझ बोलच्या प्रसिद्ध सामन्यांत स्टॅनफर्डचा ७-० असा पराभव केला होता ! परंतु कोलंबियाच्या मंडळांतील आठांपैकीं एकहि विद्यापीठ खेळाबद्दल शिष्यवृत्ति देत नाहीं. तेथील हार ही बरोबरीच्यांतील हार होती. तिला खेळांतील हार म्हणतां येईल. ८ ऑक्टोबर १९८८ रोजीं प्रिन्स्टनवर १६-१३ असा विजय मिळाला व तें प्रकरण संपलें. प्रेअरी व्ह्यूची हार मात्र संघ मैदानांत उतरण्यापूर्वींच कागदावर ठरून गेलेली होती.

म्हणून हे ऐंशी पराभव मुलांच्या नांवावर मांडणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. मैदानांत उतरावें, शिस्तीनें खेळावें, ही मुलांची बाजू. साधनें, सराव आणि बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळवून देणें ही संस्थेची. संघ मोडून टाकावा असें आमचें म्हणणें नाहीं. पाठवावयाचा तर सज्ज करून पाठवावा, नाहीं तर आपल्या तोलाच्यांशीं खेळवावा. आपल्याकडेहि दोन दिवसांच्या सरावावर मुलांस आंतरशालेय सामन्यांस धाडावयाचें, आणि तीं परत आल्यावर "शाळेचें नांव घालविलें" म्हणून त्यांस बोल लावावयाचा, हा प्रकार अगदींच अपरिचित नाहीं.

"पराभवानें शील घडतें," असेंहि कोणी म्हणतील. घडत असेल. पण हें म्हणण्याचा अधिकार हरणाऱ्याचा आहे, त्यास हरावयास पाठविणाऱ्याचा नाहीं. १९९१ सालीं दाखल होऊन १९९४ चा हंगाम संपवून बाहेर पडलेल्या मुलानें चार वर्षें खेळून एकहि विजय पाहिला नाहीं. तरी तो दर शनिवारीं उभा राहिला, यांतून त्याच्या अंगीं जें कांहीं आलें असेल, तें त्याचें स्वतःचें आहे. संस्थेनें तें आपल्या जमेस धरूं नये.

२६ सप्टेंबर १९९८ रोजीं ओक्लाहोमा शहरांत लँग्स्टन विद्यापीठावर १४-१२ असा विजय मिळून ही मालिका तुटली. एका विजयानें दिवस पालटले नाहींत. हारींपेक्षां विजय अधिक असा १९७६ नंतरचा पहिला हंगाम २००७ सालीं उजाडला, आणि २००९ सालीं संघानें आपल्या मंडळाचें विजेतेपद ४५ वर्षांनीं परत मिळविलें. १९९१ चे गडी तोंपर्यंत पस्तिशी ओलांडून गेले होते. विक्रमांच्या नोंदींत त्यांच्या वर्षांपुढें अकरा सामने व अकरा पराभव एवढेंच लिहिलेलें आहे. शिष्यवृत्तीचा रकाना त्या नोंदींत नसतो.