सोपं यंत्राला, शिव्या माणसाला

आमच्या क्षेत्रात हल्ली कुठल्याही मीटिंगला जा, एक वाक्य ऐकू येतंच. "रुटीन कामं एआय करेल, अवघड कामं माणसं करतील." काय झकास वाटतं ना ऐकायला! सगळे माना डोलावतात आणि पुढची स्लाईड येते.

मी स्वतः कस्टमर सपोर्टचे बॉट बनवून पोट भरतो, तेव्हा यंत्राशी माझं काही वाकडं नाही. पण ही वाटणी साफ चुकीची आहे.

का ते बघा. कॉल सेंटरमधल्या पोराला "माझी ऑर्डर कुठाय", "पासवर्ड विसरलो" असले ढिगाने कॉल येतात आणि मधूनच एखादा खरा गुंता. ते सोपे कॉल म्हणजे त्याची श्वास घ्यायची जागा, आणि नवख्याची तर शाळाच. हिंजवडी-खराडीत कित्येकांची नोकरी अशाच खुर्चीवर सुरू झाली. आता सोपं सगळं बॉटला दिलं की त्याच्याकडे काय उरतं? बॉटशी अर्धा तास डोकं फोडून भडकलेली गिऱ्हाईकं. एकामागून एक, शिफ्ट संपेपर्यंत! पगार तोच, कॉल किती मिनिटांत उरकला हे मोजणंही तेच. आणि रिफंड मंजूर करायचा अधिकार? तो नाहीच. मग हे "अवघड काम" म्हणजे नक्की काय हो? शिव्या खाणं?

स्वीडनच्या क्लार्नाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोठ्या थाटात जाहीर केलं, की आमच्या एआयने पहिल्याच महिन्यात २३ लाख चॅट सांभाळले, ७०० माणसांचं काम केलं. २०२५ मध्ये त्यांच्याच सीईओने कबूल केलं की खर्चाकडे फार बघितलं आणि दर्जा घसरला. पुन्हा माणसं शोधायला लागले!

एअर कॅनडाची तर कमालच. त्यांच्या बॉटने एका प्रवाशाला सांगितलं, की घरात मृत्यू झाल्यावर मिळणारी भाड्यातली सवलत प्रवासानंतरही मागता येते. ते चूक होतं. प्रकरण लवादाकडे गेलं तेव्हा कंपनीच्या बचावाचा अर्थ असा निघत होता, की बॉट काय बोलला त्याला बॉटच जबाबदार! फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादाने तो फेटाळला आणि कंपनीला सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर भरायला लावले.

माझा मुद्दा नेमका इथेच आहे. वाटणी सोपं-अवघड अशी करायचीच नसते. चूक झाली तर उत्तर कोण देणार, ह्यावर करायची असते. यंत्राने माहिती शोधावी, फॉर्म भरावा, मसुदा लिहावा, खुशाल. पण कुणाचे पैसे अडकलेत, कुणाचा क्लेम नाकारायचाय, तिथे माणूस हवा. नुसता सॉरी म्हणणारा नव्हे, निर्णय घेऊ शकणारा. त्याच्यापर्यंत पोचायला एक बटण पुरलं पाहिजे, आणि त्याच्या डोक्यावर मिनिटांचं घड्याळ नको. थोडे सोपे कॉलही मुद्दाम नवख्यांसाठी राखून ठेवा. नाहीतर पाच वर्षांनी अनुभवी माणूस आणणार कुठून, झाडाला लागतो का तो?

"पण खर्च वाढेल की!" वाढेल ना. बॉटमुळे वाचलेल्या पैशातून करा. ते पैसे वाचले ते माणसाला नुसतं ढालीसारखं पुढे उभं करण्यासाठी नक्कीच नाही.

बघा पटतंय का. सोमवारच्या मीटिंगमध्ये ती स्लाईड आली, की एवढंच विचारा: साहेब, त्या माणसाला अधिकार काय दिलाय?