जनाबाईंचं गाणं ओवी, अभंग की रॉक? गाण्याचा प्रकार ठरवतं कोण?

आषाढी जवळ आली की रील्सवर गिटार आणि ड्रम्सवर गायलेले अभंग फिरू लागतात. 'अभंग रिपोस्ट'सारखे बँड तरुणांमध्ये लोकप्रिय आहेत. अशा व्हिडिओंखाली वादही ठरलेला: हा अभंग, रॉक की नुसतं फ्युजन?

वाद चवीचा वाटतो, पण त्यात पैसाही आहे. गाणं कुठल्या प्लेलिस्टमध्ये जाणार, कुठल्या पुरस्कारासाठी धरलं जाणार, हे त्याच्या प्रकारावर ठरतं.

सुरुवात गंगाखेडपासून

संत जनाबाई परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या. पंढरपुरात नामदेवांच्या घरी त्या दळणकांडण करत आणि रचना करत. जात्यावरची ओवी सैल असते. अक्षरं मोजायची गरज नाही, जात्याची लय सांभाळली की झालं. अभंगाचं तसं नाही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण येतात, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. म्हणजे 'अभंग' हे मुळात छंदाचं नाव. वाद्य कुठलं, हे त्यात कुणी सांगितलेलंच नाही.

पुढे टाळ-मृदंगाची साथ पक्की झाली. मग पं. भीमसेन जोशींच्या 'अभंगवाणी'ने अभंग मैफलीच्या रंगमंचावर गाजवला. आज 'अभंग' म्हटलं की आपल्या कानाला तोच आवाज अपेक्षित असतो. त्यामुळे कमेंटमधले दोघंही बरोबर असू शकतात. एक छंद मोजतोय, दुसरा आवाज ऐकतोय.

रॉकचं बारसं कुणी केलं?

अमेरिकेत 'बिलबोर्ड' मासिक 1949 पर्यंत कृष्णवर्णीयांच्या संगीताची यादी 'रेस रेकॉर्ड्स' या नावाखाली छापायचं. तिथले पत्रकार जेरी वेक्सलर यांनी 'रिदम अँड ब्लूज' हे नाव आणलं. 1951 पासून क्लीव्हलँडचे रेडिओ निवेदक अ‍ॅलन फ्रीड याच धाटणीच्या रेकॉर्ड्स वाजवू लागले आणि त्यांनी 'रॉक अँड रोल' हे नाव गोऱ्या तरुणांमध्ये रुजवलं. संगीत जवळपास तेच होतं. गिऱ्हाईक नवं, म्हणून पाटी नवी.

पुढे हार्ड रॉक, मेटल, पंक अशा फांद्या फुटल्या आणि घोळ वाढला. 1989 मध्ये ग्रॅमीने हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदा पुरस्कार ठेवला. सगळ्यांना मेटालिका जिंकेल असं वाटत होतं. जिंकला जेथ्रो टल, ज्याचा म्होरक्या बासरी वाजवतो! पुढच्याच वर्षी ग्रॅमीने हार्ड रॉक आणि मेटल वेगळे केले.

हे अजूनही चालू आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये बियॉन्सेला 'काउबॉय कार्टर'साठी कंट्री अल्बमचा ग्रॅमी मिळाला, त्यावर 'हे कंट्री आहे का' असा वाद झाला. जूनमध्ये ग्रॅमीने कंट्री अल्बमचे 'पारंपरिक' आणि 'समकालीन' असे दोन भाग केले. हा बदल त्या निकालामुळे झाला का, यावर मतं वेगवेगळी आहेत. वेळ मात्र बोलकी आहे.

आपल्याकडचं 'पारंपरिक'

आपल्याकडे हा शब्द वेगळ्या प्रकारे त्रास देतो. जनाबाईंच्या शब्दांवर आज कुणाचाच कॉपीराइट नाही, ते कुणीही गावेत. बँडच्या नव्या रेकॉर्डिंगवर मात्र भारतीय कायद्याप्रमाणे 60 वर्षं हक्क राहतो. त्यातही काही वावगं नाही.

अडचण येते ती आजच्या काळात ओव्या गाणाऱ्या बायकांची. त्यांच्या गाण्यावर 'पारंपरिक' असं लिहिलं की गाणारीचं नावच जातं. कायद्यात सादर करणाऱ्यालाही 50 वर्षांचा हक्क आहे. पण नावच नसेल तर तो मागणार कोण?

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्याही आहेत. त्यांनी ओव्यांची वर्गवारी विषयांवरून केली. शिवाय ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलं.