ओवी वाचली, ऐकायची राहिली

आयर्लंडच्या बायकांनी गायलेली गाणी कानाला लावून बसणारा मराठी श्रोता आता काही दुर्मिळ राहिलेला नाही. शब्द एकही कळत नाही, तरी गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं जातं. का आवडतं असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: त्या आवाजात धुकं आहे, समुद्र आहे, दुसऱ्याच कुठल्या जगाची चाहूल आहे. हे उत्तर अर्धंच खरं आहे. ते धुकं बऱ्याच अंशी स्टुडिओत तयार झालं. डोनेगलच्या ‘क्लॅनाड’ या कौटुंबिक बँडनं १९८२ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी आयरिश भाषेत शीर्षकगीत गायलं आणि ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच घरातल्या एन्यानं पुढे १९८८ मध्ये ‘वॉटरमार्क’ काढला. स्वतःच्याच आवाजाचे थरावर थर चढवून, घुमारा देऊन तिनं एक रीत रूढ केली, आणि जगानं तिलाच आयरिश स्त्रीचा आवाज मानलं. हॉटेलच्या लिफ्टमध्ये आणि मसाजच्या खोलीत वाजणारं ‘केल्टिक’ संगीत या रीतीचं दूरचं आणि पुष्कळ पातळ झालेलं नातलग आहे.

त्यामागचं मूळ गाणं मात्र अगदी कोरडं आहे. ‘शान-नोस’ म्हणजे जुनी रीत. एकटी बाई, सोबत वाद्य नाही, ताल धरायला कोणी नाही. चाल तीच, पण प्रत्येक कडव्यात हरकती वेगळ्या, आणि लय बोलण्याच्या ओघानं जाणारी. गाणारी बाई हावभाव करत नाही. कित्येकदा शेजारी बसलेला माणूस तिचा हात हातात घेतो आणि गाणं चाललेलं असेतो तो हळूहळू फिरवत राहतो. मध्येच कोणी मोठ्यानं दादही देतो. सुशोभित स्टुडिओगीत ऐकून या गाण्यापर्यंत पोचलेला श्रोता आधी थोडा बिचकतो. पण जो टिकतो त्याला कळतं की ओढ धुक्याची नव्हतीच. ही बाई कोणाला रिझवण्यासाठी गात नाही, ती काहीतरी सांगते आहे, आणि आपण योगायोगानं ऐकतो आहोत, ही जाणीव त्या आवाजाची खरी मोहिनी. धाराशिवच्या माणसाला ती ओळखीची वाटायला हवी. जात्यावरची ओवी दुसरं काय करते? ती खुंट्याला सांगितली जाते, समोर बसलेल्या जावेला सांगितली जाते, दूर राहिलेल्या भावाला सांगितली जाते. श्रोता तिच्या हिशेबात नसतो.

साम्य नुसतं भावनेचं नाही, कामाचंही आहे. शेजारच्या स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर विणून झालेलं लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून शिळ्या लघवीत भिजवत आणि लांब फळीभोवती बसलेल्या बायका ते तालात आपटत, शेजारणीकडे सरकवत. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी अर्थ नसलेल्या अक्षरांचं पालुपद धरायचं. हात थकू नयेत म्हणून गाणं, आणि गाण्याच्या आडोशाला नवऱ्याबद्दल, बुडालेल्या प्रियकराबद्दल, गावातल्या श्रीमंताबद्दल जे एरवी बोलता येत नाही ते. आपल्याकडेही दळणाऱ्या दोघींतली एक ओळ काढते, दुसरी उचलते, मध्ये ‘गं बाई’, ‘सई’ असे टेकू येतात. जातं फिरतं त्या वेगानं ओळ फिरते. आणि या रीतीची एक फार जुनी नोंद आपल्या अगदी उंबऱ्याशी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरगा तालुक्याच्या सीमेपलीकडचं. राजाच्या ग्रंथात दखल घेण्याइतका हा आवाज तेव्हाही कानावर येत होता.

मग आयरिश बाईचा आवाज उस्मानपुऱ्यातल्या नाहीतर कोथरूडमधल्या खोलीत पोचतो, आणि परंड्याच्या किंवा कळंबच्या बाईचा धाराशिव शहरातही पोचत नाही, हे कसं? मला वाटतं, कारण सरळ आहे. आपण ओवीचे शब्द जपले आणि आवाज सोडून दिला. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांना ‘अपौरुषेय वाङ्मय’ म्हटलं, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडावर खंड काढले. या कामाचं मोल कमी नाही. ते झालं नसतं तर आज बोलायलाही काही नव्हतं. पण त्यातून ओवी ‘वाङ्मय’ झाली, पाठ्यपुस्तकात गेली, तिच्यावर प्रबंध झाले. चाल, हेल, दम कुठे घेतला, शब्द कुठे तोडला, हे छापील पानावर उतरत नाही. त्यात गाणारीचं नावही बहुधा हरवलं. ‘अपौरुषेय’ हा शब्द गौरवाचा खरा, पण ज्याला पुरुष कर्ता नाही त्याला कोणीच कर्ती नाही असाही त्याचा अर्थ होऊन बसतो.

आयर्लंडमध्ये उलट घडलं. तिथल्या सरकारनं १९३५ मध्येच लोकपरंपरा नोंदवण्यासाठी आयोग नेमला. कॉर्क परगण्यातली एलिझाबेथ क्रोनिन ही शेतकऱ्याच्या घरातली बाई. तिच्याकडे चाळिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात या आयोगाचे आणि बीबीसीचे संग्राहक गेले, १९५१ मध्ये अमेरिकेचा अॅलन लोमॅक्स गेला. तिनं गायलं ते तिच्या नावानं जपलं गेलं आणि २००० साली तिच्या नातवानं संपादित केलेलं तिच्या गाण्यांचं पुस्तक ध्वनिमुद्रणांसह निघालं. आपल्याकडे याच्या जवळ जाणारं एक मोठं काम झालं, तेही सरकारी नव्हे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पोयतवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, बर्नार्ड बेल यांच्या साथीनं त्यातल्या काहींचे आवाज टिपले. धाराशिवच्या शेजारी, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये बाबासाहेबांवरच्या ओव्या बायकांच्याच गळ्यातून ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ हा ग्रामीण भारताचा संग्रह हा ठेवा गाणारीच्या नावागावासह प्रकाशित करतो आहे. त्या ऐकल्या की छापलेली ओवी किती अर्धी होती ते समजतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: जातं गेलं, गिरणी आली, आता कसली ओवी? पण कापड आपटणंही गेलं. गिरण्यांनी ते काम विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बायकांच्या हातून काढून घेतलं. तरी त्यातलंच सुमारे चारशे वर्षांचं एक गाणं १९९२ मध्ये ‘केपरकेली’ या बँडच्या कॅरन मॅथेसनच्या आवाजात ब्रिटनच्या पहिल्या चाळीस गाण्यांत पोचलं. काम संपलं म्हणून गाणं संपतंच असं नाही. लग्नघरी हळद दळायला जातं अजून धुऊन-पुसून मांडतात, त्याला सुपारी बांधतात, आणि त्या वेळी म्हाताऱ्या बायकांना ओव्या आठवतात. दुसरा आक्षेप चालीचा: ओवी एकसुरी, आयरिश गाणं सुरेल. इथे आपण तुलना ओवीची स्टुडिओगीताशी करत असतो. शान-नोस पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही एकसुरीच वाटतं. कान तयार व्हायला वेळ लागतो, आणि त्यासाठी आधी काहीतरी ऐकायला उपलब्ध असावं लागतं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईचा शीण म्हणजे ‘लोकसंगीत’, असं म्हणणं हा सुखवस्तू माणसाचा चाळा नव्हे काय? जिथे ऊसतोडीला जोडीनं कारखान्यावर जावं लागतं, तिथे गाण्याचं कौतुक कोणी कोणाला सांगावं? मान्य. जातं परत यावं असं कोणी म्हणत असेल तर त्यानं आधी पायलीभर ज्वारी दळून दाखवावी. पण ओवीत तो शीण लपवलेला नाही, मांडलेला आहे. सासरचा जाच सांगणारी ओवी भावाच्या कौतुकाच्या ओवीला लागूनच येते. आवाज न ऐकता नुसते शब्द वाचले की मात्र कौतुकच तेवढं वर राहतं आणि थकवा गळून जातो. गोडवा आणला तो छापील संग्रहानं, ध्वनिमुद्रणानं नव्हे.

कोणी म्हणेल, तुळजापुरात तर आराधी बायकांचा आवाज आजही दणदणीत आहे. आहेच. गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात परडी, मंगळवारी-शुक्रवारी जोगवा, नवरात्रात मेळ्यानं गायलेली देवीची गाणी: एकीनं उचलायचं, बाकीच्यांनी झेलायचं. ही परंपरा जिवंत आहे, म्हणूनच तिला धोका वेगळा आहे. देवीच्या गाण्यांची कॅसेट आली, मग सीडी, मग मोबाइल. प्रत्येक पायरीवर कीबोर्ड आणि ढोलाचा ठोका चढत गेला आणि बाईचा उघडा आवाज त्याखाली दबत गेला. आयर्लंडमध्ये घुमाऱ्यानं जे केलं ते इथे ठोका करतो आहे. तिथे फरक इतकाच की घुमाऱ्याच्या लाटेतही ‘ओरॅख्तस’सारख्या महोत्सवात वाद्याविना गाणाऱ्यांची स्पर्धा मानानं चालू राहिली. बाजारात काहीही विकलं जावो, अस्सल काय ते ऐकायची एक जागा राहिली.

धाराशिवला अशी जागा करणं अवघड नाही. २०२० च्या जानेवारीत इथे ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. एवढा मांडव उभारण्याची हौस आणि ताकद जिल्ह्यात आहे. विद्यापीठाचा उपपरिसर आहे, तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, आकाशवाणी आहे. मांडवाचा खर्चही लागत नाही. ज्यांना सत्तर-ऐंशीच्या घरातल्या आयांकडे बसता येईल अशी काही मुलंमुली आणि बरा मायक्रोफोन पुरे. पंखा बंद करावा. नाव, गाव, माहेर, ओवी कोणाकडून आली, हे आधी विचारावं. वाद्य देऊ नये, ‘सुरात घ्या’ म्हणू नये, विसरली तर आठवू द्यावं. आणि मध्येच आतून कोणी चुलीवरचं दूध बघायला हाक मारली, तर तीही कापू नये.