दानपेटीच्या पलीकडे

निर्वासितांचा विषय प्रवचनात निघाला की धर्मग्रामातून ठरलेले उत्तर येते : "फादर, ते सरकारचे काम. आपण फार तर दानपेटी फिरवू, जुने कपडे गोळा करू." या उत्तराशीच आमचे भांडण आहे.

निर्वासित म्हणजे कोणीतरी परका, हा समज आधी सोडावा लागेल. 1972 च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडण्यास फर्माविले. त्यांत कंपाला व एन्टेबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली गोवेकर कॅथलिक कुटुंबेही होती. ब्रिटनने सुमारे 28 हजारांना घेतले खरे. परंतु लेस्टर शहराच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन, 'आमच्याकडे घरे नाहीत, शाळांत जागा नाही, येऊ नका' अशा आशयाचा निरोप धाडला. आज आपल्या तोंडी असलेली भाषा तेव्हा आपल्याच माणसांना ऐकावी लागली होती!

आता कॅनडाकडे पाहा. 1979 साली व्हिएतनाम, कंबोडिया व लाओसमधून माणसे होड्यांतून, रानवाटांनी पळत होती. कॅनडाच्या कायद्याने पाच नागरिकांना किंवा एखाद्या चर्चला निर्वासित कुटुंबाची हमी घेण्याची मुभा दिली होती. तुम्ही एकाला आणा, आम्ही आणखी एकाला आणू, असे सरकारने सांगितले. 1979-80 मध्ये सुमारे 60 हजार निर्वासित आले. त्यांतील निम्म्याहून अधिकांची हमी अशा गटांनी घेतली होती. 1986 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेने आपले नान्सेन पदक कॅनडाच्या जनतेला दिले.

या हमीत काय येत होते? वर्षभराचे घरभाडे व किराणा तर होताच. त्याशिवाय मुलांचे शाळाप्रवेश, डॉक्टरकडे सोबत जाणे, बस कुठे बदलायची ते दाखविणे, संध्याकाळी भाषा शिकविणे. यांतले एकही काम दानपेटीत मावत नाही. जुन्या कपड्यांचे गाठोडे देणाऱ्याला घेणाऱ्याचे नाव ठाऊक असावे लागत नाही, आणि म्हणूनच ते आपल्याला इतके प्रिय आहे. मुदत एक वर्षाची, हेही शहाणपणाचेच. नाहीतर उपकारकर्ते आयुष्यभर मालकी सांगत बसतात. (आमच्याकडे सायकल दिली तरी दात्याचे नाव तिच्यावर रंगवितात.)

"आधी आपले गरीब" असे म्हणणाऱ्यांना आमची एकच विनंती : सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या पुढील सभेस या. तेथे खुर्च्या रिकाम्या असतात. "ख्रिस्ती असतील तर घेऊ" असे म्हणणाऱ्यांसाठी, दिवंगत पोप फ्रान्सिस 16 एप्रिल 2016 रोजी लेस्बोस बेटावरून आपल्या विमानाने 12 सीरियन निर्वासित घेऊन परतले, ते सर्व मुस्लिम होते. रोममध्ये त्यांची व्यवस्था सान्त एजिदियो या कॅथलिक समुदायाने पाहिली.

आपल्या देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. 1951 च्या करारावर भारताची सही नाही. ही अडचण खरी आहे. परंतु तीच अडचण मिझोरामलाही होती. 2021 च्या फेब्रुवारीत म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि चिन कुटुंबे सीमा ओलांडू लागली. निर्वासितांचा दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही, असे केंद्राने मार्चमध्ये कळविले. तरीही जेमतेम 11 लाख वस्तीच्या (2011 ची जनगणना) त्या राज्यात प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट व इतर मंडळ्यांनी आणि गावोगावच्या तरुण संघांनी तांदूळ गोळा केला, निवारे उभारले. राज्य शासनाने मुलांना सरकारी शाळांत घेण्यास सांगितले. ती मंडळी आपल्याहून श्रीमंत नाहीत.

येत्या पॅरिश कौन्सिलपुढे आम्ही हा विषय मांडणार आहोत. प्रायश्चित्तकाळात जमलेली रक्कम मिझोरामला जावी, आणि तिच्याबरोबर मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामातील दोन शिक्षक जावेत, गणित व इंग्रजी शिकविण्यासाठी. इनर लाइन परमिट काढावे लागते; ते मिळते. नावे कार्यालयात रविवारच्या मिस्सानंतर द्यावीत.